कुठून आलात? वेबसाइटवर येणाऱ्या गिऱ्हाइकाचा माग कसा काढायचा

दुकानात गिऱ्हाईक येऊन टेकलं की मामा आधी पाण्याचा तांब्या पुढे करतात आणि मग विचारतात, "कुठून आलात?" जुन्या नाशकात आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. उत्तरं ठरलेली असतात. सिन्नरहून आलो. गंगापूर रोडला राहतो, शेजारणीने सांगितलं. पेपरात पत्रक आलं होतं. गल्ल्याशेजारी लाल कापडी बांधणीची एक वही आहे, तिच्यात तारखेपुढे हे दोन शब्दांत उतरतं. 'पत्रक', 'शेजारीण', 'बोर्ड वाचून'. धनत्रयोदशीच्या आधी पत्रकं छापायची की नाही, किती छापायची आणि कुठल्या भागातल्या पेपरवाल्याकडे टाकायची, हे मामा ती वही चाळून ठरवतात.

मग वेबसाइट झाली आणि ती माझ्याकडे आली, कारण घरात कॉम्प्युटरचं काम निघालं की भाचीला फोन जातो. पहिल्या दिवाळीनंतर मी मामांना रिपोर्ट दाखवायला बसले. सगळ्यात मोठा आकडा 'डायरेक्ट' या नावापुढे होता. मामांनी चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "अगं, डायरेक्ट म्हणजे कुठलं गाव?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर शिकत गेले, चुकत गेले, आणि आता जी रीत बसली आहे ती इथे लिहिते. सगळी रीत एका गोष्टीवर उभी आहे. वेबसाइटला आपणहून फार थोडं कळतं, बाकीचं आपण तिला आधी सांगून ठेवायचं असतं, आणि तेही लिंक पाठवायच्या आधी. पाठवून झालेल्या लिंकला मागाहून नाव लावता येत नाही.

ब्राउझर काय सांगतो, काय गिळतो

कोणी एका साइटवरच्या लिंकवर बोट ठेवून तुमच्या साइटवर आलं, तर ब्राउझर जाताजाता एक निरोप देतो: हा माणूस अमक्या साइटवरून आलाय. या निरोपाला रेफरर म्हणतात. (वेबचे नियम सांगणाऱ्या १९९६ च्या दस्तऐवजात या इंग्रजी शब्दातला एक 'आर' गळाला तो गळालाच, आजही जगभरचे ब्राउझर चुकीचंच स्पेलिंग पाठवतात. आपल्या पाटीवरच्या शुद्धलेखनावर हसणाऱ्यांना हे जरूर सांगावं.) ॲनालिटिक्सचा, म्हणजे साइटवर कोण आलं-गेलं ते मोजणाऱ्या गूगलच्या साधनाचा, रिपोर्ट मुळात या निरोपावर चालतो.

आता हा निरोप कुठे पोचत नाही ते बघा. माणसाने पत्ता स्वतः टाइप केला, किंवा साठवलेला बुकमार्क उघडला, तर निरोप नसतो. क्यूआर कोड कॅमेऱ्याने उघडला तरी नसतो. पीडीएफ कॅटलॉगमधली लिंक, मेल-ॲपमधली लिंक, एसएमएस, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे व्हॉट्सॲप, इथूनही तो बहुधा येत नाही. असे सगळे बेवारस व्हिजिटर ॲनालिटिक्स एका खोलीत कोंबतं आणि दारावर 'डायरेक्ट' अशी पाटी लावतं. म्हणजे मामांच्या प्रश्नाचं खरं उत्तर होतं, 'ज्यांचं गाव कळलं नाही ते सगळे'. आपल्याकडे अर्धा धंदा व्हॉट्सॲपवर चालतो, तेव्हा या खोलीत गर्दी होणारच.

निरोप आला तरी तो पुरा नसतो. २०२० पासून क्रोम दुसऱ्या साइटला फक्त साइटचं नाव कळवतो, नेमकं पान कळवत नाही. त्यामुळे फेसबुकवरून कोणी आलं एवढं कळतं. कुठल्या पोस्टवरून, आपण पैसे भरलेल्या जाहिरातीवरून की कुणाच्या काकूंनी शेअर केलेल्या फोटोवरून, ते कळत नाही.

आधी मोजमाप बसवा

हे काम तासाभराचं आहे. गूगल ॲनालिटिक्सवर फुकट खातं उघडा, प्रॉपर्टी (म्हणजे आपल्या धंद्याचं खातेपान) तयार करा, वेळ भारताची आणि चलन रुपया आहे याची खात्री करा, मग वेब डेटा स्ट्रीम, म्हणजे साइटकडून येणारी नोंदींची वाट, जोडा. 'जी-' ने सुरू होणारा एक क्रमांक मिळतो, तो साइटवर बसवायचा. साइट वर्डप्रेसवर असेल तर गूगलचं 'साइट किट' प्लगइन ते काम करून देतं. इंटरनेटवरचे जुने लेख आणि व्हिडिओ बघून गोंधळू नका. जुनी आवृत्ती, म्हणजे युनिव्हर्सल ॲनालिटिक्स, १ जुलै २०२३ पासून बंद झाली. आता जे आहे ते गूगल ॲनालिटिक्स ४, म्हणजे जीए-४.

बसवल्यावर लगेच दोन गोष्टी करा, कारण या दोन्हींचा फायदा मागे जाऊन मिळत नाही.

एक, ॲडमिनमध्ये डेटा रिटेन्शन नावाची सेटिंग आहे, ती सुरुवातीला २ महिन्यांवर असते. ती १४ वर न्या. तयार रिपोर्टांना तिचा त्रास होत नाही, पण 'एक्सप्लोरेशन'मध्ये बारकाईने खणायला बसलात तर दोन महिन्यांपलीकडचं हाती लागत नाही. आमच्यासारख्या धंद्यात या धनत्रयोदशीची तुलना मागच्या धनत्रयोदशीशीच व्हायला हवी, मार्चशी करून काय उपयोग?

दोन, स्वतःची वर्दळ वगळा. आमच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर साइट दिवसभर उघडी असायची, कारण मामांना ती गिऱ्हाइकांना दाखवायला आवडते. मी काही दिवस मामांनाच गिऱ्हाईक म्हणून मोजत होते. डेटा स्ट्रीममधल्या टॅग सेटिंग्जमध्ये 'इंटर्नल ट्रॅफिक' म्हणून दुकानाचा आयपी पत्ता (इंटरनेट कनेक्शनचा ओळख-क्रमांक) भरा आणि मग डेटा फिल्टर 'टेस्टिंग'वरून 'ॲक्टिव्ह' करा. ही दुसरी पायरी जवळजवळ सगळे विसरतात. ब्रॉडबँडचा आयपी अधूनमधून बदलतो, तेव्हा महिन्यातून एकदा तपासा.

गूगलचं सर्च कन्सोलही त्याच दिवशी जोडून घ्या. गूगलवर लोकांनी काय शोधलं आणि तुमच्यावर क्लिक केलं, हे ॲनालिटिक्सपेक्षा तिथे नीट दिसतं आणि १६ महिन्यांचं दिसतं. आमच्याकडे तिथे 'तांब्याचा हंडा' देवनागरीतही येतं आणि रोमन अक्षरांत चार तऱ्हांनी लिहिलेलंही येतं. त्यावरून पानांची शीर्षकं मी दोनदा बदलली आहेत.

लिंकला चिठ्ठी लावा

आता मुख्य काम. ब्राउझर निरोप देत नसेल तर निरोप लिंकमध्येच लिहून पाठवायचा. डबेवाला डब्यावर खूण करतो ना, तसं. या खुणांना यूटीएम म्हणतात. पूर्ण नाव अर्चिन ट्रॅकिंग मोड्यूल. अर्चिन ही कंपनी गूगलने २००५ मध्ये विकत घेतली आणि त्याच वर्षी तिच्या पायावर गूगल ॲनालिटिक्स उभं केलं. कंपनीचं नाव केव्हाच पुसलं गेलं, लिंकमध्ये मात्र ते अजून नांदतंय.

खूण अशी दिसते. साइटचा नेहमीचा पत्ता लिहून संपला की प्रश्नचिन्ह, मग जोड्या, आणि दोन जोड्यांच्या मध्ये '&':

आमचं-दुकान.इन/हंडा?यूटीएम_सोर्स=व्हॉट्सॲप&यूटीएम_मीडियम=सोशल&यूटीएम_कॅम्पेन=धनत्रयोदशी

इथे वाचायला सोपं जावं म्हणून मी देवनागरीत लिहिलं आहे. खऱ्या लिंकमध्ये हे सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायचं, आणि त्याला कारण आहे. लिंकमध्ये देवनागरी टाकली की कॉपी करताना तिचं पार कडबोळं होतं. एकेका देवनागरी चिन्हाची ९ अक्षरं होतात. 'तांबे' हा एवढासा शब्द, त्यात त, काना, अनुस्वार, ब आणि मात्रा अशी ५ चिन्हं, म्हणून ४५ अक्षरांचं शेपूट. व्हॉट्सॲपवर अशी लिंक बघून कोणीही ती फसवणूक समजेल.

तीन जोड्या रोज लागतात. सोर्स म्हणजे माणूस कुठल्या दारातून आला: व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, पत्रक. मीडियम म्हणजे तो कशा प्रकारचा रस्ता आहे: सोशल, ईमेल, पैशांची जाहिरात, छापील कोड. कॅम्पेन म्हणजे कशासाठी पाठवलं: धनत्रयोदशी, लग्नसराई, अक्षय्य तृतीया. चौथी जोडी 'कंटेंट', ती एकाच मोहिमेतल्या दोन वस्तू वेगळ्या ओळखायला. उदाहरणार्थ, स्टेटसला टाकलेला फोटो आणि ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ. पाचवी 'टर्म' शोधशब्दांसाठी आहे, ती मी कधी वापरली नाही.

सोर्सचं नाव मनासारखं ठेवता येतं, मीडियमचं नाही, आणि इथे नवखा माणूस हमखास घसरतो. जीए-४ व्हिजिटरांना आपणहून गटांत वाटतं आणि ती वाटणी मोठ्या प्रमाणात मीडियमच्या शब्दावर करतं. मीडियम 'सोशल' असेल तर ऑरगॅनिक (म्हणजे जाहिरातीचे पैसे न मोजता आलेलं) सोशल, 'ईमेल' असेल तर ईमेल, 'एसएमएस' असेल तर एसएमएस. पैसे मोजलेल्या जाहिरातीला 'सीपीसी' (दर क्लिकमागे पैसे) किंवा 'पेड' ने सुरू होणारा शब्द हवा. मी पहिल्यांदा हौसेने मीडियम 'ग्रुप', 'स्टेटस', 'फॉरवर्ड' असं लिहिलं. ते सगळे 'अनअसाइन्ड' नावाच्या गटात जाऊन बसले, म्हणजे डायरेक्टच्या खोलीतून काढून शेजारच्या अडगळीत टाकले. क्यूआरसाठी तयार गटच नाही. त्यासाठी ॲडमिनमध्ये 'चॅनल ग्रुप्स'मध्ये जाऊन आपला गट करायचा, नियम द्यायचा की मीडियम 'क्यूआर' असेल तर नाव 'छापील'. हा गट जुन्या आकड्यांनाही लागू होतो, ही त्यातली सोय.

नावांची वही

मामांच्या वहीसारखीच एक गूगल शीट ठेवा. रकाने पाच: तारीख, कुठे टाकली, पूर्ण लिंक, छोटा पत्ता असेल तर तो, आणि कोणी टाकली. ही शीट नसेल तर बाकीचं सगळं दोन महिन्यांत कोसळतं, मी स्वतः कोसळवलंय. माझ्या रिपोर्टमध्ये व्हॉट्सॲप तीनदा होतं: एकदा छोट्या अक्षरांत, एकदा पहिलं अक्षर मोठं, आणि एकदा मामेभावाने घाईत लिहिलेलं 'डब्ल्यूए'. ॲनालिटिक्सच्या लेखी छोटं आणि मोठं अक्षर वेगळं, म्हणून तीन वेगळी गावं. चुकीची लिंक एकदा लोकांच्या फोनमध्ये गेली की गेली.

म्हणून नियम ठरवून शीटच्या माथ्यावरच लिहून ठेवलेत. सगळं छोट्या अक्षरांत. मोकळी जागा नाही, तिथे आडवी रेघ. नवं नाव हवं असेल तर आधी यादीत बघायचं, नसेल तरच घालायचं. आणि कुणाचंही नाव किंवा मोबाइल नंबर लिंकमध्ये घालायचा नाही. गूगलच्या अटींत ते बसत नाही, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, आणि त्याहून साधं म्हणजे ती लिंक पुढे पाठवली की नंबर गावभर होतो.

आपल्याच साइटच्या आतल्या लिंकांना, म्हणजे होमपेजवरच्या बॅनरला वगैरे, या खुणा कधीही लावू नका. इन्स्टाग्रामवरून आलेल्या माणसाने बॅनर दाबला की त्याची मूळ ओळख जाऊन 'होमपेज-बॅनर' ही नवी चिकटते. आपल्याच घरात पाहुण्याला पुन्हा 'कोण गाव?' विचारण्यासारखं आहे.

कुठे कुठली लिंक

व्हॉट्सॲप. स्टेटस, ब्रॉडकास्ट आणि ग्रुप यांच्या तीन वेगळ्या लिंका करा, सोर्स एकच, कंटेंट वेगळं. एक मर्यादा ओळखून असा. खूण सांगते लिंक कुठून निघाली, ती मधे कुठेकुठे फिरली ते नाही. स्टेटसवरची लिंक कुणी नणंदेला पाठवली, नणंदेने भिशीच्या ग्रुपवर टाकली, तरी रिपोर्टमध्ये 'स्टेटस'च. मला तरी हे चालतं, बी आपलंच होतं.

गूगल मॅप्सवरचं दुकान. बिझनेस प्रोफाइलमध्ये वेबसाइटचा रकाना असतो, तिथे खूण लावलेली लिंक टाका: सोर्स गूगल, मीडियम ऑरगॅनिक, कॅम्पेन 'नकाशा'. हे न करता नकाशावरून आलेला आणि साध्या शोधातून आलेला एकाच ओळीत मिसळतात. आमच्या दुकानाला याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला, कारण पंचवटीत दर्शनाला आलेली बाहेरगावची माणसं नकाशावरच 'तांब्याची भांडी' शोधतात. सर्च कन्सोलमध्येही ही लिंक वेगळं पान म्हणून दिसते, त्यामुळे कुठल्या शब्दावर नकाशा उघडला तेही कळतं.

इन्स्टाग्राम. बायोला एक लिंक, स्टोरीला दुसरी. खूण न लावताही इन्स्टाग्राम थोडाफार निरोप देतं आणि रिपोर्टमध्ये 'एल डॉट इन्स्टाग्राम डॉट कॉम' अशी ओळ दिसते. फेसबुकच्या तर अशा दोनतीन ओळी असतात. घाबरू नका, ती त्यांचीच मधली दारं आहेत.

पैशांच्या जाहिराती. गूगल ॲड्सला हाताने खुणा लावायची गरज नाही, ते स्वतःची खूण लावतं. फक्त ऑटो-टॅगिंग सुरू ठेवा आणि ॲड्सचं खातं ॲनालिटिक्सला जोडा. मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या, जाहिरातींना मात्र खूण आपणच लावायची. जाहिरात बनवताना 'यूआरएल पॅरामीटर्स' असा रकाना येतो, तिथे. लिंकमध्ये फेसबुकची स्वतःची एक लांबलचक खूण आपोआप येते, तिने ॲनालिटिक्सला मोहिमेचं नाव कळत नाही. जाहिराती दुसऱ्याकडे दिल्या असतील तर खुणा तुमच्या शीटप्रमाणे लावायची अट पहिल्याच दिवशी घाला. आम्ही एकाला काम दिलं होतं, तो महिनाअखेरीस क्लिकांच्या आकड्यांचा रंगीत कागद द्यायचा, आणि आमच्या रिपोर्टमध्ये त्यातलं काही ओळखू येत नव्हतं. क्लिक आणि साइटवर खरोखर पोचलेली माणसं हे आकडे तंतोतंत जुळत नाहीतच. बोट चुकून लागतं, पान उघडायच्या आत माणूस मागे फिरतो. पण फरक दुपटीतिपटीचा असेल तर विचारायला हवं, आणि विचारायला हातात आपला आकडा हवा.

छापील गोष्टी. आता जरा सविस्तर, कारण इथे माझे पैसे बुडाले.

आम्ही हंडे-समया बाहेरगावी पाठवतो त्या खोक्यांवर क्यूआर स्टिकर लावायचं ठरलं. आत माल घासायची रीत, चिंच-मीठ की पितांबरी, हे सांगणारं पान. क्यूआर कोड ही १९९४ ची जपानी कल्पना, डेन्सो वेव्ह कंपनीने मोटारीच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला काढलेली. कोडमध्ये फक्त मजकूर असतो, तो कुणाच्या परवानगीने चालत नाही आणि संपतही नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी एका फुकट क्यूआर बनवून देणाऱ्या साइटवरून कोड घेतला, पाचशे स्टिकर छापून घेतले. काही दिवसांनी कोड उघडला की 'मुदत संपली, पैसे भरा' असं पान येऊ लागलं. त्या कोडमध्ये आमचा पत्ता नव्हताच, त्यांच्या साइटचा होता, आणि तिथून ते आमच्याकडे वळवत होते. गिऱ्हाइकांचे फोन यायला लागले. मामांनी उरलेले स्टिकर घेतले आणि मागच्या कोऱ्या बाजूवर भावाच्या चिठ्ठ्या लिहायला वापरले.

तेव्हा छापील वस्तूला असं करा. आपल्याच साइटवर एक छोटा पत्ता ठरवा, समजा 'आमचं-दुकान.इन/खोकं'. होस्टिंगमधून किंवा रीडायरेक्ट प्लगइनमधून तो पत्ता पूर्ण खुणांच्या लांब लिंककडे वळवा. क्यूआर त्या छोट्या पत्त्याचा बनवा. पत्ता छोटा असला की कोडमधले चौकोनही मोठे आणि मोजके राहतात, साध्या फोनलाही वाचता येतात. उद्या पान बदललं तर फक्त वळण बदलायचं, स्टिकर तेच. छापताना कोड २ सेंटिमीटरपेक्षा लहान नको, भोवती पांढरी कड सोडा, आणि चकचकीत लॅमिनेशन टाळा. कोडखाली छोटा पत्ता अक्षरांतही छापा, ज्यांना स्कॅन करायचं नसतं ते टाइप करतात. पत्रकाला '/पेपर', खोक्याला '/खोकं', काउंटरवरच्या पाटीला '/दुकान', सगळे इंग्रजी अक्षरांत.

पाठवण्यापूर्वी प्रत्येक लिंक एकदा तपासा. ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी उघडा, म्हणजे जुनी ओळख आड येत नाही. लिंक टाका. पान उघडल्यावर वर पत्त्याच्या पट्टीत खुणा शिल्लक आहेत का बघा. काही साइटी एका पत्त्यावरून दुसऱ्याकडे वळवताना प्रश्नचिन्हापुढचं सगळं खाऊन टाकतात. मग ॲनालिटिक्सच्या रिअलटाइम रिपोर्टमध्ये तुमचं नाव उमटलं का बघा, तो गेल्या ३० मिनिटांचं दाखवतो. बाकीच्या रिपोर्टांना एकदोन दिवस लागू शकतात, तेव्हा संध्याकाळी मोहीम सोडून रात्री आकडे बघत बसू नका.

आले, पण केलं काय?

नुसती माणसं मोजून भांडी विकली जात नाहीत. कुठून आलेल्यांनी फोन केला, व्हॉट्सॲप केलं किंवा ऑर्डर दिली, हे कळलं तरच मामांच्या वहीची बरोबरी. आमच्यासारख्या दुकानात मोठा हंडा कोणी कार्टमध्ये टाकून घेत नाही, आधी विचारतात, "वजन किती? कल्हई आहे का?" म्हणून साइटवरचं व्हॉट्सॲपचं बटण हीच आमची खरी नोंद.

ते बटण 'डब्ल्यूए डॉट एमई' या पत्त्यावर जातं, म्हणजे साइटच्या बाहेर, आणि बाहेर जाणारे क्लिक जीए-४ आपोआप टिपतं. ॲडमिनमधल्या इव्हेंट्समध्ये नवा इव्हेंट (साइटवर माणसाने केलेल्या कृतीची नोंद) तयार करा: मूळ इव्हेंट 'क्लिक', लिंकच्या डोमेनमध्ये 'डब्ल्यूए डॉट एमई' असेल तर. त्याला नाव द्या आणि 'की इव्हेंट' म्हणून खूण करा. (२०२४ पर्यंत यालाच कन्व्हर्जन म्हणायचे.) फोन नंबरवरचा क्लिक मात्र आपोआप टिपला जात नाही, त्यासाठी गूगल टॅग मॅनेजर या वेगळ्या फुकट साधनात 'टेल:' ने सुरू होणाऱ्या लिंकचा ट्रिगर, म्हणजे 'हे दाबलं की नोंद कर' असा नियम, लावावा लागतो.

व्हॉट्सॲपच्या लिंकची आणखी एक खुबी आहे, आणि ती वेबसाइट नसलेल्यालाही वापरता येते. नंबरच्या पुढे तयार मजकूर जोडता येतो. पत्रकावरच्या लिंकमध्ये 'नमस्कार, पत्रक बघून विचारतोय', खोक्यावरच्या लिंकमध्ये 'नमस्कार, आधी भांडी घेतली आहेत'. माणूस फक्त पाठवा दाबतो आणि पहिल्याच ओळीत त्याचं गाव कळतं. आमच्याकडे चॅटला लेबलं लावायचं काम मामी करतात, एकदाही चुकलेल्या नाहीत.

रिपोर्ट वाचताना

दोन रिपोर्ट सारखे दिसतात आणि वेगळं बोलतात. 'यूजर ॲक्विझिशन' सांगतो माणूस पहिल्यांदा कुठून आला. 'ट्रॅफिक ॲक्विझिशन' सांगतो ही भेट कुठून झाली. समजा पुण्याच्या एका बाईंनी इन्स्टाग्रामवर समई पाहिली, आठवड्याने गूगलवर दुकानाचं नाव शोधलं, आणि शेवटी आमच्या व्हॉट्सॲप ब्रॉडकास्टवरून येऊन घेतली. पहिल्या रिपोर्टला त्या इन्स्टाग्रामच्या, दुसऱ्यात तीन भेटी तीन ठिकाणांहून. दोघंही खरं बोलतात. मामांनाही समोरच्याला दोन प्रश्न विचारावे लागतात: आमचं नाव कुठे ऐकलंत, आणि आज कशामुळे आलात? नवी गिऱ्हाइकं कुठून मिळतात हे बघायचं असेल तर पहिला रिपोर्ट, या आठवड्यातल्या मोहिमेचं काय झालं ते बघायचं असेल तर दुसरा. याउप्पर, सफारीसारखे ब्राउझर कुकीज, म्हणजे माणूस पुन्हा ओळखायला ठेवलेल्या खुणा, थोड्याच दिवसांत पुसतात आणि माणूस फोन बदलतो, म्हणून 'पहिल्यांदा' हा शब्द सैलसरच घ्या.

डायरेक्टची खोली खुणा लावूनही रिकामी होत नाही. तिच्यात डोकवायची एक युक्ती आहे. डायरेक्टवाले कुठल्या पानावर उतरले ते बघा. होमपेजवर उतरले असतील तर खरंच नाव ठाऊक असलेली माणसं असू शकतात. पण 'पाच लिटरचा ठोक्याचा हंडा' असल्या लांब पत्त्याच्या आतल्या पानावर कोणी टाइप करून येत नाही. ती कुणीतरी कुणालातरी पाठवलेली लिंक आहे, आणि नव्वद टक्के वेळा व्हॉट्सॲपवर पाठवलेली, असं माझं मत. त्या पानावर 'व्हॉट्सॲपवर पाठवा' असं खूण लावलेलं बटण दिलं तर यातले काही तरी पुढे ओळखू येतात.

शहरांच्या रकान्यावर विसंबू नका. मोबाइल डेटावरचा नाशिकरोडचा माणूस खुशाल मुंबईत दाखवला जातो.

ऑनलाइन पैसे घेत असाल तर रेफरलच्या यादीत तुमच्या पेमेंट गेटवेचं नाव दिसेल, कधी ढीगभर विक्रीसकट. माणूस पैसे भरायला तिकडे जातो, परत येतो, आणि ॲनालिटिक्स श्रेय गेटवेला देतं. टॅग सेटिंग्जमधल्या 'अनवॉन्टेड रेफरल्स'च्या यादीत गेटवेचं डोमेन टाका. अलीकडे आणखी एक नवं दार दिसायला लागलंय, चॅटजीपीटी. ते बऱ्याचदा लिंकला स्वतःच खूण लावून पाठवतं. आमच्याकडे आकडा किरकोळ आहे, पण ती ओळ आली की तिथून आलेली माणसं कुठल्या पानावर उतरली ते मी बघतेच.

रोज रिपोर्ट बघू नका, रोजच्या चढउताराला अर्थ नसतो. मी सोमवारी सकाळी, दुकानाचं शटर वर जायच्या आत, तीन आकडे वहीत उतरवते: मोहिमेवार किती आले, त्यातल्या कितींनी व्हॉट्सॲप केलं, आणि अनअसाइन्डमध्ये कोणी नवीन जाऊन बसलंय का. बसलं असेल तर कुणीतरी शीट न बघता लिंक टाकलीय, आणि बहुधा तो मामेभाऊ असतो.

आणि तरीही विचाराच

ऑर्डरच्या फॉर्ममध्ये एक मोकळा रकाना ठेवा: 'आमच्याबद्दल कुठे कळलं?' पर्यायांची यादी देऊ नका, लोक पहिला पर्याय दाबून मोकळे होतात. मोकळ्या रकान्यात लोक असं काही लिहितात जे कुठल्याही टॅगला कळणार नाही. एकाने लिहिलं होतं, 'माझ्या आईच्या लग्नातला हंडा तुमच्याकडचा आहे, तळाशी शिक्का आहे.' ॲनालिटिक्समध्ये तो गृहस्थ गूगल ऑरगॅनिक होता.

त्या उत्तरामुळे मामांच्या डोक्यात एक खूळ शिरलंय. २०२६-२७ च्या सिंहस्थात गोदेचं पाणी भरून न्यायला तांब्याच्या गडव्यांना मागणी येणार, तर प्रत्येक गडव्याच्या तळाशी शिक्क्याच्या शेजारी क्यूआर कोरून घ्यायचा. तांब्यावर कोरलेला कोड घासूनपुसून किती वर्षं वाचता येईल, आणि गोलाईवर कॅमेरा तो पकडेल का, हे बघायला दोन नमुने अंबडच्या एका लेझर मार्किंगवाल्याकडे दिलेत. छोटा पत्ता मी आधीच करून ठेवलाय, '/गडू'. शीटमध्ये ओळ घातली आहे, तारखेचा रकाना तेवढा रिकामा आहे.